टोपलीवाली मावशी आणि निळी डबी

मावशीच्या नाकावर राग असतो, असं बोळातले लोक म्हणायचे. ते अर्धवट खरं होतं. नाकावर येऊन बसायला रागालाही जरा सवड लागते. मावशीचा राग सकाळी शटर उघडतानाच कामाला लागायचा. शटर रोज अडायचं नाही, लाथ मात्र रोज बसायची.

"अडलंय का ते?" शेजारचा चावीवाला एकदा विचारून बसला.

"अडायच्या आधीच दिलेली बरी," मावशी म्हणाली.

दुकान एवढंसं. एका अंगाला चावीवाला, दुसऱ्या अंगाला केस कापणारा, आणि मध्ये मावशी. आत भिंतीला टीव्ही, त्याच्याखाली गेम खेळायचे दोन कन्सोल, समोर मधोमध खचलेला सोफा. आणि दारातच, येणाऱ्याच्या पायात येईल अशी, धुतलेले कपडे न्यायची मोठी प्लास्टिकची टोपली. तिच्यात स्वस्तातल्या व्हिडिओ गेमच्या डिस्का. सिनेमाच्या तिकिटाएवढ्या पैशात एक खेळ. यावरून सगळे तिला टोपलीवाली म्हणायचे, आणि तोंडावर नुसतं मावशी.

टोपलीतला माल म्हणजे मोठ्या रस्त्यावरच्या काचेच्या दुकानांनी ओवाळून टाकलेला माल. त्यात गेल्या वर्षीचा फुटबॉल असायचा, त्याच्याही आदल्या वर्षीचा असायचा. हे मैदानी खेळांचे गेम दुधासारखे नासतात. नवं वर्ष लागलं, खेळाडूंनी संघ बदलले, की कालपर्यंत काचेत मिरवणारी डबी आज कुणी फुकट घेत नाही. "नवा खेळ म्हणजे काय?" मावशी फणकारायची. "जुनाच खेळ, नवे मोजे! आणि त्या मोज्यांचे हे लोक महिन्याच्या किराण्याएवढे पैसे घेतात. मेल्यांनो, चेंडू तोच आहे ना?" त्यात गाड्यांच्या शर्यती असायच्या. आणि मारामारीचे गेम असायचे, ज्यांच्या डबीवर आग, हेलिकॉप्टर आणि फाटक्या बनियनमधला दांडगा गडी, आणि आत सगळे शत्रू एकाच चेहऱ्याचे. "एकाच आईची लेकरं आहेत रे सगळी," ती गिऱ्हाइकाला सांगायची. "मारताना वाईट वाटतं. पण चालतो झकास. ने."

या धंद्यात ती रागानेच आली होती. नवरा सिनेमाच्या डिस्का भाड्याने द्यायचा. तो गेला, आणि दिवस उलटायच्या आत दीर येऊन म्हणाला, "वहिनी, हे तुमचं काम नाही. माल काढून टाका, जागा माझ्याकडे द्या." काढून टाकायच्या आधी काय काय चालतंय ते बघावं म्हणून तिने एक डिस्क लावली. ती निघाली फुटबॉलची. कुठलं बटण कशाचं हे कळायच्या आत समोरच्या संघाने तिच्यावर नऊ गोल चढवले, आणि वर नाचले. ते नाचणं तिच्या डोक्यात गेलं. नवरा गेल्यावर जी रडली नव्हती ती त्या नाचावर भडकून रडली, आणि डोळे पुसून पुन्हा बसली. त्या संघाला हरवेपर्यंत उठली नाही. मग दिराला निरोप धाडला, जागा मिळणार नाही. दीर अजून बोलत नाही. हा तिला मोठा फायदा वाटतो.

तिची गिऱ्हाइकं म्हणजे पाळी संपवून आलेली माणसं. पहारेकरी, इस्पितळातल्या आया, इस्त्रीवाली, शिकाऊ वायरमन. घरी जुना कन्सोल, तोही कुणीतरी वापरून दिलेला, आणि दिवसातला एखादा तास आपला. नेट बहुतेकांच्या घरी नाही. घरात नेट असलेली माणसं टोपलीत हात घालत नाहीत. म्हणून मावशीने टीव्हीच्या वर खडूने लिहून ठेवलं होतं: 'इथला खेळ घरी चालतो. नाही चालला तर माझ्याशी गाठ आहे.' ही धमकी नेमकी कुणाला, गिऱ्हाइकाला की खेळ बनवणाऱ्याला, हे कुणी विचारायच्या भानगडीत पडलं नाही.

त्या वाक्यामागे एक रीत होती. नव्या मालाची खेप आली की प्रत्येक प्रकारातली एक डबी ती सील तोडून उघडायची. कन्सोलच्या पाठीमागची नेटची तार उपसून हातात धरायची आणि मग डिस्क लावायची. कारण हल्लीच्या कंपन्या अशा बेरकी, की डबी भरगच्च दिसते आणि डिस्कवर असतो पाव खेळ. उरलेला नेटवरून ओढून घ्या म्हणे. ज्याच्या घरी नेट नाही त्याने काय करावं? डबीवरचं चित्र बघत बसावं! दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, हे मावशीला कुणी शिकवायला नको होतं. तार काढून जो चालेल तो टोपलीत. बाकीचा जायचा माल आणणाऱ्याच्या अंगावर.

माल आणायचा साखऱ्या. खरं नाव काही असो, जिभेवर साखर म्हणून साखऱ्या. इस्त्रीचा शर्ट, अत्तराचा वास, प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'आपलीच माणसं'. यंदा त्याने स्वस्त डब्यांची नवी मालिका आणली. हिरव्या डबीत मैदानी खेळ, निळ्या डबीत गाड्या, लाल डबीत मारामारी. चकचकीत, सीलबंद, आणि किंमत टोपलीची.

मावशीने सील तोडायला नख लावलं तशी लेक आडवी आली. लेक दुकानात बरोबरीने राबायची, आणि आईच्या मानाने तिचं डोकं थंड होतं. "आई, दर खेपेला चांगल्या डब्या फोडतेस. फोडलेली डबी अर्ध्या किमतीत जाते. नवा माल आहे, स्वस्त आहे, कंपनीचा आहे. एकदा तरी विश्वास ठेव कुणावर."

"मावशी, आपलीच माणसं," साखऱ्या म्हणाला. "डोळे मिटून विका."

तिने डोळे मिटले. त्या दिवशी तिचे गुडघे दुखत होते, लेकीशी आदल्या दिवशी कडाक्याचं वाजलं होतं, आणि पुन्हा वाजवायचं त्राण नव्हतं. आयुष्यात एकदाच ती गप्प बसली, आणि नेमकी तिथेच माती खाल्ली.

निळी डबी पहिल्यांदा नेली ती इंडिकेटरकाकांनी.

हे काका उभा जन्म शहराची बस चालवत होते. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना डोळ्यांच्या तपासणीत बारीक अक्षरं वाचता आली नाहीत, परवाना गेला, आणि डेपोने किल्ली काढून घेतली. इतक्या वर्षांत एकाला साधं खरचटलं नव्हतं. पण साहेबाने हात पुढे केला आणि काका "बरं" म्हणाले. एवढंच. मावशीला त्यांचं हे 'बरं' आठवलं की अजून संताप यायचा. "अहो, टेबल उलटं करायचं होतंत त्याचं!" त्यावर ते हसून म्हणायचे, "मला राग येत नाही हो मावशी. त्याचं तरी काय चुकलं? मलाच दिसत नव्हतं." वयाने ते तिच्याहून मोठे, पण मावशीच म्हणायचे. लहान पोरालाही 'तुम्ही' म्हणणारा माणूस.

रोज दुपारी ते सोफ्यावर बसून शहरातल्या रस्त्यांवरची शर्यत खेळायचे. खेळायचे म्हणजे काय, गाडी चालवायचे. वळताना इंडिकेटर द्यायचे. बाकीच्या गाड्या सिग्नल तोडून सुसाट जायच्या, आणि काका लाल दिव्याला थांबून हिरव्याची वाट बघायचे.

"अहो, शर्यत आहे ही!" मावशी काउंटरमागून किंचाळायची.

"असू दे. सिग्नल आहे."

शेवटचा नंबर ठरलेला. त्यांना पत्ताच नसायचा. गाडी नीट उभी करून, मान डोलावून उठायचे. पडद्यावरची माणसं त्यांना दिसायची, रस्ता दिसायचा. अक्षरं तेवढी दिसायची नाहीत, आणि ते ती गोष्ट कुणाला सांगायचे नाहीत.

निळ्या डबीवर कोपऱ्यात एक बस होती. लाल, दोन दारांची. मावशीनेच ती त्यांना बोटाने दाखवली. "या गेममध्ये बस पण आहे म्हणे. अख्खं शहर आहे, थांबे आहेत. तुमचाच खेळ आहे हा. घरी न्या, निवांत चालवा." काकांनी डबी दोन्ही हातांनी घेतली. घरी भाच्याने टाकून दिलेला कन्सोल होता. त्यानंतर ते दुपारचे यायचे बंद झाले. मावशीला वाटलं, रमले असतील. लेकीला म्हणालीसुद्धा, "बघ, निळी डबी पावली."

मग एका सकाळी शेजारचा केस कापणारा तणतणत आला. एका हातात कात्री, एका हातात लाल डबी. तिकडे त्याच्या दुकानात गिऱ्हाईक खुर्चीत अर्धवट भादरलेलं. "मावशी, ही काय थट्टा आहे? तो बनियनवाला दारात उभा आहे. दार उघडत नाही, कुणी मारायला येत नाही. रोज नुसता त्याचा घाम बघतोय मी!"

मावशीने नेटची तार उपसली. लाल डिस्क लावली. बनियनवाला दारात उभा. हिरवी लावली, तर खेळाडू मैदानाबाहेर पाय झटकत उभे. मग तिने नव्या निळ्या डबीचं सील दाताने फाडलं. पडद्यावर मोठं गॅरेज आलं, आत गाड्या, समोर बंद गेट. गाडी निवडता येत होती, सुरू करता येत होती. गेट मात्र हलत नव्हतं. वरच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: नेट जोडा, उरलेला खेळ उतरवून घ्या, तोवर इथे थांबा.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते बोळाने त्या दिवशी पाहिलं. तिने लाल, हिरव्या, निळ्या डब्या फडताळातून खाली ओढल्या. साखऱ्याच्या सात पिढ्या काढल्या, कंपनीच्या काढल्या, आणि मग लेकीकडे वळली. लेकीचा चेहरा पांढरा पडला होता. तिला बघून मावशीची जीभ अडखळली. "तुला नाही," ती म्हणाली. "नख मी लावलं होतं, मीच काढलं. लिहिलंय मी तिथे, तू नाही." आणि तिने टीव्हीच्या वरच्या खडूच्या ओळीकडे हात केला. दुकान चालत होतं ते त्या ओळीवर. ती खोटी पडली, तर टोपली नुसती कचऱ्याची टोपली होती.

ज्याने ज्याने डबी नेली होती त्याच्याकडून तिने ती परत घेतली आणि टोपलीतला चालणारा खेळ हातात कोंबला. तेही प्रेमाने नाही, "ठेव, आणि पुन्हा असं झालं तर गप्प बसू नकोस, मूर्खा" असं म्हणून. सगळे आपण होऊन आले होते किंवा निरोप धाडताच आले. फक्त इंडिकेटरकाका आले नाहीत. तेव्हा दुखऱ्या गुडघ्यांनी जिने चढत ती त्यांच्या खोलीवर गेली.

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून हॉर्न ऐकू आला. थांबून पुन्हा एकदा.

काका सरळ पाठीच्या लाकडी खुर्चीत, ताठ बसले होते. डेपोचा जुना खाकी सदरा अंगात. पडद्यावर गॅरेज, आणि गेटसमोर ती लाल बस. इंजिन चालू, दिवे लागलेले. काकांनी बसची दारं उघडली, मिटली. वायपर फिरवले. हॉर्न दिला. गेट जिथल्या तिथे.

"या मावशी," ते म्हणाले. "बस फार छान आहे. दारांचा आवाज अगदी खरा."

"अहो, रोज हेच करताय?"

"हो. निघायचं जमत नाहीये अजून."

"मग दुकानात यायला काय झालं होतं? बोलायला काय झालं होतं?"

काकांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. "मला वाटलं," ते हळूच म्हणाले, "त्यांना कळलं असेल. आता मला परवाना नाही ते. वर बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं दिसतंय. तेच असणार. म्हणून गेट उघडत नाहीत. हल्ली सगळं जोडलेलं असतं म्हणे एकमेकांना. आणि तसं असेल तर त्यांचं तरी काय चुकलं?"

मावशीला ओरडायचं होतं. चार दमड्यांच्या खोट्या खेळाने एका माणसाला त्याच्याच घरात, त्याच्याच खुर्चीत, दुसऱ्यांदा नोकरीवरून काढलं होतं. आणि हा माणूस सदरा घालून रोज गेटसमोर हजर होत होता. फसवणाऱ्याला हेच तर हवं असतं. गरिबाला फसवलं की तो आधी आपलंच काय चुकलं ते शोधतो, आणि त्याचं शोधून होईतो चोर पुढच्या गल्लीत माल विकत असतो.

"तुमचं काही चुकलं नाही," शेवटी ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "गेटच्या पलीकडे रस्ताच नाहीये. त्यांनी रस्ता घातलाच नाही डबीत. वर लिहिलंय, नेट जोडा. बाकी काही नाही. कुणी ओळखत नाही तुम्हाला."

काकांनी बसचं इंजिन बंद केलं, दिवे बंद केले, आणि मग टीव्ही. डबी तिच्या हातात दिली, पण "बरं" म्हणाले नाहीत. मावशीच्या ते तेव्हा लक्षातही आलं नाही.

"साखऱ्या उद्या नवी खेप घेऊन येणार आहे," ती म्हणाली. "तुम्ही या."

दुसऱ्या दिवशी साखऱ्या खोकी घेऊन हसत हसत आला. दुकानात केस कापणारा होता, चावीवाला होता, इस्त्रीवाली होती. काका भिंतीला टेकून उभे. साखऱ्याला एवढी माणसं बघून आनंदच झाला. "धंदा जोरात दिसतोय मावशी! आपलीच माणसं!"

"बस," मावशीने सोफ्याकडे बोट केलं. निळी डिस्क लावली, लाल बस निवडली, कंट्रोलर त्याच्या हातात दिला. तार उपसून आपल्या मुठीत धरली. "गाडी गेटबाहेर काढ. काढलीस तर ही सगळी खेप घेते. न बघता."

साखऱ्याने दोन बटणं दाबली. मग कोपऱ्यातलं वाचलं. "मावशी, असं काय करता? नेट जोडा की. एवढंसं तर काम."

"माझ्या गिऱ्हाइकांच्या घरी नाही. तुझ्यासाठी का जोडू?"

"आता आपल्याला काय माहीत कंपनी काय भरते ते. स्वस्तात एवढंच येतं. लोकांना कळायला नको? डबीच्या पाठीमागे छापलंय सगळं." तो हसला. "न वाचता घेतात आणि मग बोंबलतात."

मावशी पुढे सरसावली. पण तिच्याआधी काका भिंतीपासून निघाले आणि सोफ्याच्या मागे येऊन उभे राहिले.

"हॉर्न वाजवून बघा," ते शांतपणे म्हणाले.

साखऱ्याने मागे वळून पाहिलं. म्हातारा मदत करतोय असं वाटून त्याने हॉर्न वाजवला.

"दारं उघडून मिटून बघा. दिवे लावा. कधीकधी दिव्यांनी होतं." साखऱ्याने दिवे लावले. केस कापणारा फिसकन हसला, पण काकांचा चेहरा बघून गप्प झाला. "नाही झालं? मग बंद करून परत चालू करा. नाही? मग खुर्ची पुसा. मी पुसली. सदरा घाला. इस्त्री केलेला घाला. मी घातला." त्यांचा आवाज चढत चालला होता, आणि चढलेला आवाज कसा सांभाळायचा ते त्यांना माहीत नव्हतं. तो मध्येच चिरकत होता. "मग स्वतःला सांगा, तुझे डोळे गेले, तू म्हातारा झालास, तुला कुणी गेट उघडणार नाही. सांगा! सांग ना! हसतोस काय? रोज सांगितलं मी ते स्वतःला! माझं काय चुकलं होतं रे? माझ्या बसखाली कधी मांजर आलं नाही! काय चुकलं होतं माझं?"

हे सगळं साखऱ्याला उद्देशून नव्हतं, ते सगळ्यांना कळलं. साखऱ्यालाही कळलं असावं. कंट्रोलर सोफ्यावर ठेवून तो उठला, खोकी उचलली, आणि एकदाही 'आपलीच माणसं' न म्हणता बाहेर पडला. मावशीने त्याला एक शिवी दिली नाही. तिच्यासाठी बोलायला काही उरलंच नव्हतं.

लेकीने फडका घेतला आणि खडूची ओळ पुसायला हात वर केला. "राहू दे," मावशी म्हणाली. "खाली लिही, तार काढून बघितलेला." लेकीने लिहिलं.

काका अजून तिथेच उभे होते, छातीचा भाता हलत होता. मग ते वाकले, टोपलीत हात घालून ती नेहमीची, ओरखडे पडलेली शर्यतीची डिस्क काढली, लावली आणि सोफ्यावर बसले. गाड्या सुटल्या. पहिल्या वळणावर त्यांनी सवयीने इंडिकेटर दिला. पुढे चौक होता, आणि दिवा लाल.

काकांनी गाडीचा वेग वाढवला.

"अहो, सिग्नल!" मावशी किंचाळली.

"असू दे," इंडिकेटरकाका म्हणाले. "शर्यत आहे ही."